नाक्यानाक्यावर घटणारं आम्ल

1987 साली केंब्रिजमधल्या जॉन कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण मोजमाप प्रसिद्ध केलं. अचानक मृत्यू आलेल्या सहा माणसांच्या शरीरातून, मृत्यूनंतर चार तासांच्या आत, त्यांनी नमुने घेतले होते. मोठ्या आतड्यातला ऐवज, आतड्याकडून यकृताकडे जाणारं रक्त, यकृतातून बाहेर पडणारं रक्त आणि शरीरभर फिरणारं रक्त. धडधाकट जिवंत माणसाच्या पोटातून हे सगळं एकाच वेळी काढता येत नाही, म्हणून हा मार्ग. शोधायचं होतं एवढंच की आतड्यातले जिवाणू जी छोटी आम्लं तयार करतात, ती जातात कुठे.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ती दर किलोमागे 131 मिलिमोल (मोल हे रेणू मोजायचं माप) भरली. यकृताच्या उंबऱ्याशी दर लिटरला 375 मायक्रोमोल. एकक बदललं आहे, इकडे लक्ष द्या. मिलिमोलचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमोल. यकृत ओलांडल्यावर 148. आणि शरीरभर फिरणाऱ्या रक्तात जेमतेम 79. पूर्वी गावोगावच्या जकात नाक्यांवर मालाचा ट्रक थांबत थांबत पुढे जायचा, तसा हा प्रवास आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक नाका पैसे नाही, मालच उतरवून घेतो. आतड्यात होतं त्याच्या दीड हजारांश सुद्धा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात उरत नाही.

‘पोट साफ तर मेंदू साफ’ छापाचा मजकूर रोज मोबाइलवर येतो, तेव्हा मला हे आकडे आठवतात. त्या मजकुरात सगळंच खोटं असतं असं नाही. पण या आम्लांविषयी वाचत गेले तसं मला एक गोष्ट जाणवत गेली. आतड्यापासून वर जाताना आम्ल विरळ होतं, आणि आपल्या हातातला पुरावाही अगदी त्याच वाटेने विरळ होत जातो.

आम्लं मुख्यतः तीन. दोन कार्बनचं अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधलं. तीन कार्बनचं प्रोपिओनेट, ज्याचं कॅल्शियमचं क्षार ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून घालतात (पुड्यावर 282 असा आकडा असतो तो हाच). आणि चार कार्बनचं ब्युटिरेट. या शेवटच्याची माझी जुनी ओळख आहे. मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत ब्युटिरिक आम्लाची बाटली उघडायला कुणी धजत नाही. खवट लोणी आणि ओकारी यांच्या मधला तो वास ओढणीला चिकटला की संध्याकाळी घरी गेल्यावरही घरचे नाक मुरडतात. गंमत म्हणजे त्याच आम्लात इथाइल अल्कोहोल आणि दोन थेंब सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केलं की अननसाचा वास सुटतो. मुलं एकमेकांच्या हातातून परीक्षानळी ओढून घेतात. एवढं घाण वासाचं द्रव्य आपल्या पोटात दिवसरात्र तयार होतं आणि त्यावरच आपलं आतडं जगतं, हे सांगितलं की वर्गात हमखास कुणीतरी ‘ईई’ करतं.

जगतं म्हणजे शब्दशः. विल्यम रोडिगर यांनी 1980 साली माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या पेशी वेगळ्या काढून त्या कशावर चालतात ते पाहिलं. ग्लुकोज दिलं, ब्युटिरेट दिलं. पेशींनी पसंती दिली ब्युटिरेटला. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींची सुमारे सत्तर टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून येते, हा आज पाठ्यपुस्तकांत असणारा आकडा तिथून सुरू होतो. शरीरातल्या बाकी बहुतेक पेशींना रक्तातून शिधा मिळतो. या पेशींचं ताट मात्र उलट्या बाजूने, विष्ठेच्या बाजूने वाढलं जातं. आणि वाढणारे आपण नसतो. आपल्याला न पचलेला तंतू, डाळींतली न फुटणारी साखर, हट्टी पिष्ट हे सगळं मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यांच्या लेखी जो टाकाऊ माल तो आपल्या पेशींचं जेवण होतो.

हे मला कागदावर ठाऊक होतं. मग मामांच्या पोटावर पिशवी आली.

आतड्याला छिद्र पडून तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. सर्जननी आतड्याचं तोंड पोटावर काढून दिलं आणि खालच्या भागाला विश्रांती दिली. काही महिन्यांनी जोडायचं ठरलं. पिशवीची सवय मामांनी चेष्टामस्करी करत लावून घेतली. मामींना ती बदलताना सुरुवातीला भोवळ यायची, नंतर त्या टीव्ही बघत बदलायला लागल्या. मग एक दिवस त्या बंद ठेवलेल्या भागातून, गुदद्वारावाटे, शेम (बुळबुळीत स्राव) आणि रक्त पडायला लागलं. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द आणि तोंडात कुणाच्याच नाही. मामी मात्र थेट विचारणाऱ्या. “डॉक्टर, ज्यातून काही जातच नाही, त्यातून रक्त कसं येतंय?”

दुर्बीण घालून पाहिली. अस्तर लालभडक, बोट लावलं तर रक्त येईल असं नाजूक झालेलं. कॅन्सर नव्हता. सर्जन मामांना म्हणाले, “काका, तुमचं हे आतडं उपाशी आहे. वरून काही येत नाही, म्हणून ते सुजलंय. जोडलं की बरं होईल.” आणि जोडल्यावर झालंही.

या आजाराला डायव्हर्जन कोलायटिस म्हणतात. 1989 साली हॅरिग आणि सहकाऱ्यांनी अशा मोजक्या रुग्णांच्या बंद आतड्यात या छोट्या आम्लांचं मिश्रण दिवसातून दोनदा सोडलं. काही आठवड्यांत सूज ओसरली. नुसत्या मिठाच्या पाण्याने ओसरत नव्हती. चार-पाच माणसांवरचा अभ्यास, पण पेपर वाचताना मला मामांचं ते लाल अस्तर दिसत होतं. प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. नंतर दोन आठवड्यांची एक काटेकोर तुलना झाली, तिच्यात आम्लाचा आणि मिठाच्या पाण्याचा फरक दिसला नाही. अवधी कमी पडला असेल, किंवा बाटलीतलं आम्ल दोनदा सोडणं आणि जिवाणूंनी चोवीस तास थेंब थेंब पुरवत राहणं यांत अंतर असेल. आतड्याची जोडणी मात्र काम करते, यात वाद नाही.

आतड्याची ही भिंत आहे तरी केवढी? पेशींचा एकच थर. पलीकडे अब्जावधी जिवाणू आणि अलीकडे रक्त. थरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. दोन पेशींच्या मधली फट बंद ठेवायला ऑक्लुडिन आणि क्लॉडिन नावाची प्रथिनं असतात. ऑक्लुडिन सापडलं 1993 साली आणि क्लॉडिन 1998 साली, दोन्ही जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाला. हे सांधे सिमेंटचे नाहीत, ते सतत उकलले आणि बांधले जातात. त्याला ऊर्जा लागते, आणि ब्युटिरेट मिळालं की सांधे लवकर जमतात, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरांवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

भिंतीवर शेमाचा लेप असतो. त्याचा आतला घट्ट थर जवळजवळ निर्जंतुक असतो. 2016 मध्ये मिशिगन आणि लक्झेंबर्गच्या संशोधकांनी माणसाच्या पोटातले ठरावीक जिवाणू उंदरांत वसवले आणि काही उंदरांचा तंतुमय आहार बंद केला. जिवाणू उपाशी थोडेच मरणार? ते शेमच खायला लागले. लेप पातळ झाला, आणि मग आतड्याचा संसर्ग घडवणारा जंतू दिल्यावर हे उंदीर बाकीच्यांपेक्षा फार वाईट आजारी पडले. आपण जेवायला घातलं नाही तर भाडेकरू घराचा गिलावा खातात, हे जेवढं भयंकर आहे तेवढंच रास्तही.

मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट प्राणवायूची वाटते. ब्युटिरेट जाळायला प्राणवायू लागतो. अस्तरपेशी तो इतका वापरून टाकतात की आतड्याच्या पोकळीत गळायला काही उरत नाही. आणि ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू म्हणजे विष. त्यांच्यातला एक महत्त्वाचा, फीकॅलिबॅक्टेरियम, उघड्या हवेत काही मिनिटांत मरतो. म्हणजे जिवाणू पेशींना जेवण देतात आणि पेशी ते जेवून जिवाणूंसाठी हवा कोंडून ठेवतात. अँटिबायोटिक्सनी ही साखळी तुटली की काय होतं ते डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आंद्रेआस बॉयम्लर यांच्या गटाने 2017 मध्ये उंदरांत दाखवलं. ब्युटिरेट घटतं, पेशी साखरेवर चालायला लागतात, प्राणवायू पोकळीत गळतो आणि तो चालणारे साल्मोनेलासारखे उपद्रवी जंतू फोफावतात.

यातलं बरंचसं उंदरांवरचं आहे. पण माणसांवर, आणि तेही आपल्याच देशात, या आम्लांचा एक उपयोग करून पाहिला गेला आहे, त्याची हवी तेवढी चर्चा होत नाही. जुलाबांत मीठ-साखर-पाण्याचं महत्त्व आपल्याला 1971 च्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांतून, डॉ. दिलीप महलनबीस यांच्या कामामुळे कळलं. पण मीठ-साखरेचं पाणी शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्यात. मोठ्या आतड्याची पाणी ओढण्याची ताकद पटकीच्या रुग्णात वाया जाते. ही छोटी आम्लं शोषली जाताना सोबत सोडियम आणि पाणी ओढून घेतात, हे शरीरक्रियाशास्त्राला माहीत होतं. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी साधा विचार केला. लहान आतड्यात न पचणारं पिष्ट पाण्यात कालवून द्यायचं, म्हणजे ते खाली पोचेल, जिवाणू त्याची आम्लं करतील आणि मोठं आतडं कामाला लागेल. पटकीचे 48 रुग्ण, तीन गट. एका गटाला नेहमीचं द्रावण, दुसऱ्याला लिटरमागे 50 ग्रॅम तांदळाचं पीठ घालून, तिसऱ्याला लिटरमागे 50 ग्रॅम मक्याचं हे न पचणारं पिष्ट घालून. तिसऱ्या गटाचे जुलाब लवकर थांबले, पाणी कमी गेलं. हे 2000 साली छापून आलं. आतड्यापुरतं बोलायचं तर माझा या आम्लांवर विश्वास बसला तो या प्रयोगामुळे.

आता वरच्या भिंतीकडे.

मेंदूला कुंपण आहे हे रंगांमुळे कळलं. 1885 साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. एर्लिख यांना वाटलं, मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी. त्यांचाच विद्यार्थी एडविन गोल्डमान याने 1913 साली रंग उलट बाजूने, मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं. गुरूचा तर्क चुकला होता, मधे काहीतरी आड होतं. ते नेमकं कुठे आहे हे 1967 पर्यंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत राहिलं. हार्वर्डमध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांना ते उंदरांच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांत सापडलं: वाहिनीच्या अस्तरपेशींमधले घट्ट सांधे. पुढे कळलं की तिथेही ऑक्लुडिन आहे, क्लॉडिन आहे. मेंदूकडे क्लॉडिनांपैकी पाच क्रमांकाचं विशेष. आतड्यातल्या आणि मेंदूतल्या भिंतींचे सांधे एकाच घराण्यातले निघाले. तेव्हा खालच्या भिंतीला जे मानवतं ते वरच्या भिंतीला मानवतं का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये स्वेन पेटरसन यांच्या गटाने तो विचारला. त्यांच्याकडे जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वाढवलेले उंदीर होते. गाभण उंदरीणींच्या रक्तात खूण केलेली प्रतिपिंडं सोडली. नेहमीच्या उंदरांत, गर्भ ठरावीक वयाचा झाला की ती मेंदूत शिरेनाशी होतात. निर्जंतुक आईच्या पिलांत ती शिरत राहिली. मोठेपणीही त्या उंदरांचं कुंपण सैलच, ऑक्लुडिन आणि क्लॉडिन-5 कमी. मग त्यांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले, तर कुंपण आवळलं गेलं. पुढे त्यांनी फक्त ब्युटिरेट बनवणारा एकच जिवाणू दिला, किंवा अ‍ॅसिटेट-प्रोपिओनेट बनवणारा एकच दिला, किंवा जिवाणू न देता नुसतं सोडियम ब्युटिरेट तीन दिवस तोंडावाटे दिलं. तिन्हींनी फरक पडला. हे 2014 साली प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर ‘आतडं आणि मेंदू’ या विषयाला जे उधाण आलं ते अजून ओसरलेलं नाही.

प्रयोग सुंदर आहे. पण तीन दिवस पाजलेल्या ब्युटिरेटचा डोस किती होता, हे पाहायला हवं. उंदराच्या वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हा हिशेब सरळ लावला तर साठ ग्रॅम होतो (असा हिशेब सरळ लावत नाहीत, उंदराची चयापचयाची गती वेगळी, पण अंदाज येतो). आणि मुळात जिवाणूच नसलेला प्राणी निसर्गात नसतो. जिवाणू अजिबात नसणं आणि जेवणात तंतू कमी असणं, यात फार मोठं अंतर आहे.

याच्या उलट बाजूला एक प्रयोग मला जास्त पटतो, जरी तो प्राण्यातलाही नाही, बशीतला आहे. लेस्ली हॉयल्स आणि सायमन मॅकआर्थर यांनी 2018 मध्ये माणसाच्या मेंदूतल्या वाहिन्यांच्या पेशींवर प्रोपिओनेट घातलं, आणि तेही दर लिटरला एकच मायक्रोमोल, म्हणजे सगळे नाके ओलांडून रक्तात उरू शकेल एवढंच. जिवाणूंच्या कवचातलं विष घातल्यावर पेशींचे सांधे सैल होतात. प्रोपिओनेट होतं तिथे ते बरेचसे तग धरून राहिले. कुंपणाच्या पेशी रक्ताच्या काठावरच बसलेल्या असतात. आम्लाला मेंदूत शिरायची गरज नाही, कुंपणापर्यंत पोचलं तरी पुष्कळ.

आणि कदाचित तेवढंही पोचावं लागत नसेल. मला स्वतःला हा तिसरा मार्ग सगळ्यात संभवनीय वाटतो. आतड्याची भिंत सैल झाली की जिवाणूंच्या कवचातलं ते विष रक्तात पाझरतं, सूज पसरते आणि ती सूजच मेंदूच्या कुंपणाला ढिलं करते. खालची भिंत धड ठेवली तर वरच्या भिंतीवरचा मारा आपोआप कमी होतो. आम्ल आतड्यातच खर्ची पडूनही मेंदूचं भलं होऊ शकतं. कमिंग्जच्या आकड्यांशी हे जुळतंही.

पण म्हणून ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असं कुणी म्हणायला लागलं की मी 2016 चा कॅल्टेकमधला प्रयोग पुढे करते. पार्किन्सनसारखा आजार होईल असे घडवलेले उंदीर निर्जंतुक वाढवले, तर त्यांची लक्षणं कमी होती. त्यांना हीच छोटी आम्लं पाजली, आणि लक्षणं परतली. चालणं-पकडणं बिघडलं, मेंदूतल्या रक्षक पेशी खवळल्या. दुसरीकडे पार्किन्सनच्या प्रत्यक्ष रुग्णांच्या विष्ठेत ही आम्लं कमी सापडली आहेत. म्हणजे उंदरात आम्लाने बिघडलं आणि माणसात आम्ल कमी असलेलं दिसतं. ही गाठ अजून सुटलेली नाही, आणि ती बाजूला सारून गोळ्या विकणाऱ्यांची मला चीड येते.

तुपाचंही तसंच. ‘तुपात ब्युटिरेट असतं, म्हणून तूप आतड्याचं औषध’ हे वाक्य इतक्या वेळा आलंय की ते म्हणीसारखं वाटायला लागलंय. असतं, खरंच असतं. दुधाच्या स्निग्धांशात तीन-चार टक्के. चमचाभर तुपात दीड-दोनशे मिलिग्रॅम धरा. पण ते लहान आतड्यातच शोषलं जातं, खाली पोचतच नाही. मोठ्या आतड्यात आपले जिवाणू दिवसाला काही ग्रॅम ब्युटिरेट फुकट बनवतात, कच्चा माल दिला तर. गरम वरणभातावर तूप घ्यावं ते चवीसाठी, त्याला आतड्याचा दाखला लागत नाही.

कच्चा माल आपल्याकडे नवा आणायला नको. ज्वारीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, कांदा, लसूण, कच्च्या केळ्याची भाजी. शिजवून गार केलेल्या भातातलं थोडं पिष्ट पुन्हा आवळतं आणि लहान आतड्याला दाद देत नाही, त्यामुळे फोडणीच्या भाताचीही बाजू घेता येते. फक्त रात्रभर ओट्यावर ठेवलेला नको, त्यात वेगळेच जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. बिस्किट-खारी-पाव आणि पांढऱ्या भातावर दिवस काढणाऱ्या घरात तो आकडा गाठत नाही, आणि एकदम गाठायला गेलं तर आंबवताना होणाऱ्या वायूने पोट असं तट्ट फुगतं की माणूस उसळीला कायमचा रामराम ठोकतो. थोडं थोडं वाढवावं, कडधान्य भिजवलेलं पाणी टाकावं, मोड आणावेत.

परवा स्टाफरूममध्ये एका सहकारी मॅडमनी मोबाइल पुढे केला. आईंचा विसरभोळेपणा वाढलाय, भावाने परदेशातून ब्युटिरेटच्या कॅप्सूल सुचवल्यात, बाटलीवर मेंदूचं चित्र. “देऊ का हो, मॅडम?” मी म्हटलं, मेंदूचं कुंपण अशा गोळीने माणसात घट्ट होतं, इथवर आजचा पुरावा पोचत नाही. आधी आईंना डॉक्टरांकडे न्या, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या, वय झालेल्या माणसात बी-12 कमी असणं नवलाचं नाही आणि त्याने विसर पडतो. जेवणाचं विचारलं तर कवळी आहे, भाकरी चावत नाही. मग दुधात कुस्करून द्या, उसळ घोटून द्या. त्यांनी तिथेच बसून हिशेब केला. महिन्याच्या कॅप्सूलचे पैसे त्यांच्या घरच्या डाळी-कडधान्यांच्या बिलापेक्षा जास्त भरले.